ओमार डेलमारचा हात

कॅनडात आल्यापासून "तुम्ही कुठले?" या प्रश्नाला मी "मिसिसागाचा" असं उत्तर द्यायचो. समोरचा हसून म्हणायचा, "ते ठीक, पण खरे कुठले?" मग मी कराड सांगायचो. त्यावर तो अशी मान डोलवायचा, की वाटावं, याच्या मावशीचं सासर कराडलाच असावं. पुढे उतारवयात मी ज्या धंद्यात पडलो, तिथे हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. तिथे सकाळी गेल्यावर मलाच सांगायचे, आज तू कुठला आहेस ते.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "तुमच्या सिनेमातल्या कारकिर्दीवर लिहा" असा संपादकांचा फोन आला, तेव्हा माझी बायको शैला शेजारी मेथी निवडत बसली होती. ती म्हणाली, "कारकीर्द? अहो, पाठ दिसते तुमची फक्त."

खोटं नाही. मी बॅकग्राउंडवाला. सिनेमात नायक नायिकेला हॉटेलात मागणी घालतो, तेव्हा मागच्या टेबलावर सूप पिणारा जो माणूस असतो, तो मी. रंगाच्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला होतो. कारखाना बंद पडला आणि पांढरी दाढी वाढली, या दोनच गोष्टींच्या पात्रतेवर मला हे काम मिळालं. दाढी ठेवली की मी अरब, मिशी ठेवली की मेक्सिकन, दोन्ही काढली की ग्रीक. चष्मा लावला की डॉक्टर. एकदा तर मला एका जागतिक परिषदेत पृथ्वीवर कुठेच नसलेल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष केलं होतं. कपडेपटातल्या बाईला मी विचारलं, "आमच्या देशात लोक खातात काय?" ती माझ्या गळ्यात माळ घालत म्हणाली, "बॅकग्राउंड खात नाही. बॅकग्राउंडला लंच असतो."

बाहेरच्यांना वाटतं, यात काय अवघड आहे? नुसतं तर बसायचं. बसून दाखवा! पहिला नियम, बोलायचं नाही. ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. तोंडातून एक शब्द फुटला आणि पडद्यावर ऐकू आला, तर तुम्ही बॅकग्राउंड राहत नाही, अॅक्टर होता, आणि मग सगळाच गोंधळ. ओठ हलवायला काहीतरी म्हणावं लागतं, म्हणून मी एकोणतिसाचा पाढा म्हणतो. कितीतरी प्रेमप्रसंगांच्या मागे मी एकोणतिसाचा पाढा तोंडातल्या तोंडात घोकत बसलेलो आहे.

दुसरा नियम, जे एकदा केलं तेच दर वेळी करायचं. तोच प्रसंग पुनःपुन्हा काढतात, आणि नंतर तुकडे जोडतात. एका तुकड्यात कप उजव्या हातात आणि पुढच्यात डाव्या, असं झालं की आटोपलं. त्यामुळे आमच्यासारख्यांना आपले हात कुठे आहेत हे सतत ठाऊक असावं लागतं. माझे हात माझ्या ताब्यात असतात, असा मला अभिमान होता. तो कसा उतरला तेच सांगायचंय.

आणखी एक शब्द सांगून ठेवतो, पुढे लागेल. स्टँड-इन. दिवे लावायला, कॅमेरा जुळवायला तासन् तास जातात. तेवढा वेळ मोठा नट आपल्या गाडीत आराम करतो, आणि त्याच्या जागी त्याच्याच उंचीचा कुणीतरी उभा राहतो. उजेड त्याच्या तोंडावर पाडून बघतात, मापं त्याची घेतात. सगळं जुळलं की खरा माणूस येतो आणि हा बाजूला होतो. तो स्टँड-इन. ते कामही मी पुष्कळ केलं. त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. मात्र घरी आल्यावर कुणी विचारलं, आज काय केलं, तर काय सांगावं ते कळत नाही.

तसंही या धंद्यात काय खरं आणि काय खोटं हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. आमचं टोरांटो सिनेमात कधीच टोरांटो नसतं. ते न्यूयॉर्क असतं, शिकागो असतं. एकदा मला पिवळ्या टॅक्सीत बसवून न्यूयॉर्कचा ड्रायव्हर केलं होतं. शॉट लागायची वाट बघत होतो, तेवढ्यात मागचं दार उघडून एक वयस्क सरदारजी आत बसले आणि म्हणाले, "युनियन स्टेशन चलो, भाईसाब. जल्दी."

मी म्हटलं, "पाजी, टॅक्सी नकली है."

"नकली?"

"टॅक्सी नकली, मीटर नकली. ये सडक भी आज न्यूयॉर्क है."

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "और आप?"

ते उतरून गेले, आणि मी दिवसभर त्याचाच विचार करत खोट्या न्यूयॉर्कात बसून राहिलो.

आता ओमार डेलमार.

कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाचे झेंडे अजून खांबांवरून उतरले नव्हते, तेव्हाची गोष्ट. विमानतळाजवळच्या एका बंद कारखान्यात वाळवंट उभं केलं होतं. मूकपटांच्या काळातल्या हॉलिवूडवर एक मालिका चालली होती, आणि तिच्यातल्या एका भागात वाळवंटाचा मूकपट काढत असल्याचं दाखवायचं होतं. म्हणजे सिनेमातला सिनेमा. दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जायचं, आणि ते जाईपर्यंत सगळं वाळवंट गप्प उभं राहायचं.

केली नावाची आमची सहायक दिग्दर्शिका मला सरळ दिग्दर्शकाकडे घेऊन गेली. ही पोरगी मला प्रॅब म्हणते. प्रभाकर तिच्या जिभेला झेपत नाही, आणि मलाही आता प्रॅब म्हटल्यावरच मागे वळून बघायची सवय झाली आहे.

"प्रॅब, आज तू बॅकग्राउंड नाहीस," ती म्हणाली. "आज तू ओमार डेलमार आहेस."

मी विचारलं, "कुठला?"

केलीने दिग्दर्शकाकडे बघितलं. दिग्दर्शक म्हणाला, "तेच तर कुणाला माहीत नाही."

हा ओमार डेलमार मूकपटांच्या काळात हॉलिवूडमध्ये होता. पहिलं नाव अरबी, आडनाव स्पॅनिश, आणि दोन्ही स्टुडिओने दिलेली. नायक कधी झाला नाही. नायकाला अडवणारा, दगा देणारा, शेवटी मरणारा, असा तो नट. आज शेख, उद्या दरोडेखोर, परवा चिनी आचारी, मग देवळातला पुजारी, मूळनिवासी टोळीचा म्होरक्या. मासिकांना सांगायचा, मी इराणचा राजपुत्र. शेजाऱ्यांना सांगायचा स्पॅनिश. कागदोपत्री ग्रीक. पुढे बोलपट आले. सगळ्यांनी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला, आणि तो उच्चार कुठलाच वाटेना. इराणी नाही, स्पॅनिश नाही, शेखाला तर अजिबात शोभेना. कामं बंद झाली. मग बायकोला घेऊन तो उत्तरेला, कॅनडात आला. ओंटारिओ सरोवराच्या काठी सफरचंदाची बाग केली आणि तिथेच गेला.

हे सगळं ऐकताना मला चमत्कारिक वाटत होतं. हा माणूस म्हणजे माझाच धंदा, माझ्या आधी शंभर वर्षं. फरक एवढाच, की मला या धंद्यात कुणी कुठला म्हणून विचारलं नाही, आणि त्याने विचारूनही खरं सांगितलं नाही.

दिग्दर्शकाने लॅपटॉपवर त्याच्या मूकपटाचा उरलेला एक तुकडा दाखवला. पळवून आणलेली नायिका शेखाच्या तंबूत उभी असते. ती त्याच्या डोक्यावरचं पागोटं काढून खाली टाकते, स्वतःच्या बोटाला सुरी लावते आणि रक्ताचं बोट त्याच्या कपाळाला लावते. आता तू माझा गुलाम, असा त्याचा अर्थ. बोट कपाळाला टेकतं आणि तिथेच चित्र तुटतं. पुढे एकदम घोडे धावतात.

"हेच हुबेहूब करायचं," दिग्दर्शक म्हणाला. "ताठ उभा राहा. हात बाजूला. डोळ्यांची पापणी हलवू नकोस."

त्या दिवशी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला स्टँड-इन मिळाला. एक पोर्तुगीज गृहस्थ माझ्याच उंचीचे, माझ्यासारखाच झगा घालून माझ्या जागी उजेडात उभे राहिले, आणि मी खुर्चीत बसून कॉफी प्यायलो. शैलाला फोन करून सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "म्हणजे आता तुमची पाठपण दुसऱ्याचीच दिसणार?"

मग माझी वेळ आली. दिवे लागले, विमान गेलं, केली ओरडली. नायिकेने पागोटं काढलं. रक्ताचं बोट कपाळाला लावलं.

"कट! प्रॅब, ते काय होतं?"

"काय?"

"तो हात."

मला खरंच कळेना, कुठला हात. पुन्हा घेतलं. पुन्हा कट. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर दिग्दर्शकाने मला बोलावून मॉनिटरवर दाखवलं. पागोटं निघालं, बोट कपाळाकडे आलं, आणि माझा उजवा हात वर जाऊन माझ्याच डोक्यावर बसला. एखाद्या परक्याचा हात असावा तसा. मी ते बघितलं आणि माझा स्वतःवर विश्वास बसेना. माझ्या हातांचा मला केवढा अभिमान!

वाचकहो, तुम्ही हसत असाल. तुम्हाला ठाऊक आहे. लहानपणापासून पाटावर बसलो, की आई ओरडायची, "अरे, डोकं उघडं नको!" टोपी नसेल तर रुमाल, रुमाल नसेल तर हात. मग कुंकवाचं बोट. सत्तरीला आलेल्या माणसाचं उघडं डोकं आणि कपाळाकडे येणारं लाल बोट, या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर त्याचा हात कॅनडात तरी कसा खाली राहील? पण हे त्या दिग्दर्शकाला कोणत्या तोंडाने सांगणार? मी म्हटलं, "कल्चरल हॅबिट." त्याने "ओके, ओके" केलं आणि माझ्या उजव्या हातात खंजीर दिला, हात गुंतून राहावा म्हणून.

खंजिरासकट हात वर गेला. रबरी होता म्हणून वाचलो.

सगळे हसले. दिग्दर्शक हसला नाही. त्याने घड्याळ बघितलं आणि केलीच्या कानात काहीतरी सांगितलं. केली माझ्याकडे न बघता त्या पोर्तुगीज गृहस्थांकडे बघू लागली. ते तर झगा घालून तयारच होते, मान ताठ, हात बाजूला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसाच उभा राहिलो असतो. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं पाठ दाखवल्यावर एकदा तोंड दाखवायची वेळ आली, आणि हातानेच घात केला.

एवढ्यात मॉनिटरमागच्या खुर्चीतून एक म्हातारी बाई उठून उभी राहिली. पांढरे केस, अंगाभोवती शाल, हातात काठी. सकाळपासून ती तिथे बसली होती. कुणा निर्मात्याची आई असेल, असं मला वाटलं होतं.

"त्याला असं करायला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

दिग्दर्शक म्हणाला, "कुणीच नाही, मार्गरेट. माफ करा, आम्ही आता नट बदलतोय."

"बदलू नका," ती म्हणाली. "माझे वडील असंच करायचे. त्या चित्रपटातसुद्धा. त्यांचा हात खाली राहीना, म्हणून तिथेच कापलंय. माझी आई कटिंग रूममध्ये कामाला होती. तिनेच कापलं तो हात. जन्मभर त्याच्यावरून त्यांना चिडवायची."

सगळं वाळवंट गप्प झालं. विमान नसतानाही.

मार्गरेटबाई म्हणजे ओमार डेलमारची मुलगी. ओकव्हिलच्या एका वृद्धांच्या निवासात राहायच्या, आणि वडिलांवरचा प्रसंग बघायला त्यांना पाहुण्या म्हणून आणलं होतं. दिग्दर्शकाने तो हात प्रसंगात तसाच राहू दिला. सुटलो. तुम्ही ती मालिका बघितलीत, तर वाळवंटात डोक्यावर हात धरून उभा असलेला तो शेख मी आहे. पण झगा उतरवून मी निघालो, तेव्हा मार्गरेटबाईंनी माझी बाही धरली.

"तुम्ही कुठले?"

मी सवयीने म्हटलं, "मिसिसागाचा."

"नाही," त्या म्हणाल्या. "खरे कुठले? प्लीज."

प्लीज म्हणून तो प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता.

त्यांचं म्हणणं असं होतं, की वडिलांच्या थडग्यावर नाव आहे, पण "बॉर्न इन" या शब्दांपुढे जागा कोरी आहे. आईने ती भरली नाही. तिला विचारलं की म्हणायची, "तो कपडेपटातून आला." आता स्वतःचं वय झालं, मागे कुणी नाही. दगड कोरणाऱ्याला त्यांनी बोलावून ठेवलं होतं, आणि तो म्हणत होता, जमीन गोठायच्या आत काय ते सांगा. एका इराणी दाताच्या डॉक्टरने नाक बघून शपथेवर सांगितलं होतं, की हा आमचाच. एका ग्रीक शेजाऱ्याने फोटोतल्या भुवया बघून तेच सांगितलं होतं. आता मी भारताचं सांगणार. त्या रांगेतला मी आणखी एक, या विचाराने मला शरमल्यासारखं झालं. शिवाय कपाळाला बोट लागलं की डोक्यावर हात ठेवणारे तर काश्मीरपासून खाली कुठवर असतील. जिभेवर "कराड" आलं होतं, ते मी गिळलं.

घरी शैलाला सगळं सांगितलं. ओमारचा फोटो दाखवला. मला तो आमच्या मंडईतल्या केळीवाल्यासारखा दिसत होता. शैलाने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "मला तर नेपाळी वाटतो."

आमची मुलगी म्हणाली, "बाबा, व्हाय डू यू वाँट हिम टू बी फ्रॉम कराड सो बॅडली?"

मी फोटो पालथा करून ठेवला.

दिवाळी झाल्यावरच्या शनिवारी आम्ही दोघं गो ट्रेनने, म्हणजे इथल्या लोकलने, ओकव्हिलला गेलो. शैलाने डब्यात करंज्या घेतल्या होत्या. मार्गरेटबाईंची खोली लहान, पण खिडकीतून सरोवर दिसायचं. भिंतीवर ओमारचे फोटो, प्रत्येकात वेगळ्या देशाचा. चहा झाला, करंजी खाऊन त्यांनी "लव्हली" म्हटलं, आणि मग मी विचारलं, की घरी वडील हा हात कधी ठेवायचे?

"खेळात," त्या म्हणाल्या. "आमचा एक खेळ होता. वर्षातून एकदा. सफरचंदं उतरवून झाली की."

"काय खेळायचात?"

"ते सफरचंदाच्या खोक्यावर बसायचे, स्वयंपाकघरात. हात डोक्यावर. मी त्यांच्या कपाळाला रासबेरी जॅमचा ठिपका लावायचा, त्यावर ओट्सचे दोन दाणे चिकटवायचे. मग मेणबत्ती बशीत ठेवून त्यांच्या तोंडापुढून गोल फिरवायची. मला वाटायचं, शेखाचा खेळ आहे. त्यांच्या कुठल्यातरी पिक्चरमधला."

मी शैलाकडे बघितलं. तिने कप खाली ठेवला होता.

"अहो," ती मला मराठीत म्हणाली, "विचारा त्यांना, मेणबत्तीच्या आधी काही होतं का?"

मी विचारलं. मार्गरेटबाईंनी डोळे मिटले आणि आपला उजवा हात हवेत गोल फिरवला, मूठ अर्धवट मिटलेली. "हो. आधी हे. आईची अंगठी आणि एक अक्रोड. दोन्ही मुठीत धरून असं फिरवायचं. मग मेणबत्ती. आधी मेणबत्ती घेतली की ते रागवायचे."

"अंगठी आणि सुपारी," शैला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुपारी कुठून मिळणार बिचाऱ्याला इथे. अहो, हे आपलं औक्षण आहे."

मी अजून घाबरत होतो. म्हटलं, "उत्तरेतही करत असतील."

"आपल्या शेजारच्या कौर वहिनींकडे दर वर्षी बघते मी. दिवा ओवाळतात, टिळा लावतात. अंगठी-सुपारी नाही."

"गोवा असेल. बेळगाव असेल. बडोद्याचाही असेल."

"असू दे ना. माणूस आपल्यातला आहे."

मार्गरेटबाई आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होत्या. मी त्यांना सांगितलं, जमेल तेवढं. महाराष्ट्र म्हणून एक प्रांत आहे, बहुतेक तिथले, नाहीतर आसपासचे. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं. मग विचारलं, "आणि तो खेळ? त्याचा अर्थ काय?"

शैला पटकन म्हणाली, "सिस्टर डझ इट. फॉर द ब्रदर. वन्स अ इयर."

मार्गरेटबाईंचा चेहरा बदलला. "पण मी तर मुलगी."

त्यांचा चेहरा बघून मला राहवेना. मी घाईघाईने म्हटलं, "मुलगीसुद्धा करते! पाडवा असतो, दिवाळीतच. मुलगी बापाला ओवाळते." आणि ते खोटं नव्हतं. शैलानेही मान हलवली, पण मग तिने हळूच विचारलं, "तुमची आई ओवाळायची का त्या दिवशी?" पाडव्याला बायकोचा मान आधी.

"नाही. आई बाहेर जाऊन बसायची. म्हणायची, हे त्याचं आहे, आपण मध्ये येऊ नये."

"आणि शेवटी ते काय करायचे?"

"बशीत काहीतरी ठेवायचे माझ्यासाठी. रिबन. हातमोजे. आणि मग," त्या थांबल्या, "मग खोक्यावरून उठायचे आणि वाकून माझ्या पायांना हात लावायचे. एवढा मोठा माणूस. मी आठ-नऊ वर्षांची. मला गुदगुल्या व्हायच्या. त्यानंतर ते एकटेच बागेत निघून जायचे."

आमच्याकडे बाप मुलीच्या पाया पडत नाही. धाकटा भाऊ थोरल्या बहिणीच्या पडतो. आता हे कसं सांगायचं, मला कळेना. शैलालाही कळेना. शेवटी तिनेच सांगितलं, शब्द जुळवत जुळवत. एल्डर सिस्टर.

मार्गरेटबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. सरोवरावर राखाडी उजेड होता. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी स्टँड-इन होते."

त्या घरात वाढलेल्या बाईला तो शब्द मी समजावून सांगायची गरज नव्हती. लहानपणी त्या दुसरीचीच जागा धरून उभ्या होत्या. उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता, आणि जिच्यासाठी ते सगळं मांडलेलं, ती कधी आलीच नाही.

"तिचं नाव काय असेल?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"तिला माहीत असेल का, की तो इथे आहे?"

"माहीत नाही."

त्या दिवशी परतताना गाडीत शैला रिकामा डबा मांडीवर धरून बसली होती. मी खिडकीत माझंच तोंड बघत बसलो. मला राग आला होता, पण कुणाचा, ते सांगता येईना. त्या माणसाला एवढं लपवायला कुणी लावलं? स्टुडिओने, की पोटाने, की घरी मागे काही घडलं होतं? आणि सगळं सगळं लपवून, गाव, नाव, भाषा, आई-बाप, तो फक्त एवढंच का लपवू शकला नाही? मी कितीदा विचार केला, अजून करतो. मला वाटतं, त्यालाही ते कळलं नसावं. माझा हात वर गेल्याचं मला कुठे कळलं होतं?

जमीन गोठायच्या आत मार्गरेटबाईंचा फोन आला. दगडाचं काम झालं होतं. म्हाताऱ्या बाईला एकटीने जायचं नव्हतं. आम्ही त्यांना घेऊन गेलो. लहानसं गाव, चर्चमागे थडगी, पलीकडे बागेची उघडी झाडं. बर्फाची भुरभुर चालू होती आणि माझ्या मनात एकच होतं, की "महाराष्ट्र" हा शब्द त्या कोरणाऱ्याने बरोबर कोरला असला म्हणजे मिळवली.

तो शब्द तिथे नव्हताच. "बॉर्न इन" पुढे तशीच कोरी जागा होती. खाली "नवरा आणि बाप" अशी जुनी इंग्रजी अक्षरं. आणि त्यांच्या खाली नवी, अजून पांढरी दिसणारी ओळ: आणि कुणाचा तरी धाकटा भाऊ.

मी म्हटलं, "पण गाव? आपल्याला आता ठाऊक होतं ना, निदान प्रांत तरी..."

"गाव त्यांनी मला सांगितलं नाही," मार्गरेटबाई म्हणाल्या. "हे सांगितलं. दर वर्षी."

मग त्यांनी शैलापुढे हात केला. त्या दोघींचं फोनवर आधीच ठरलेलं असावं, कारण शैलाने पर्समधून कुंकवाची डबी काढली, चिमूटभर तांदूळ, आणि खरी सुपारी. मार्गरेटबाईंनी हातमोजा काढला. आईची अंगठी त्यांच्या बोटात होतीच, ती उतरवून सुपारीबरोबर मुठीत घेतली. मी त्यांना आधार द्यायला दगडाच्या बाजूला उभा राहिलो. त्यांचं कुंकवाचं बोट नावाच्या वर टेकलं.

दगडाचं डोकं उघडं होतं. माझा हात गेला आणि त्याच्यावर बसला. कुणी सांगितलं नव्हतं. दगड बर्फासारखा गार होता.

शैला म्हणाली, "अहो, हातमोजा तरी घाला."

मी म्हटलं, "थांब. त्यांचं ओवाळून होऊ दे."